टॅलो बेटांवर जकात निरीक्षक

माझे सासरे दिगंबर भोयर यांचा या जगात कशावरही विश्वास नाही. अमेरिकेत रेडमंडला आमच्याकडे राहायला येऊन त्यांना बरेच दिवस झाले, पण अजून दुधाचा कॅन उघडला की आधी वास घेतात. दुकानात फुकट चाखायला दिलेला चीजचा तुकडा हातात धरून देणाऱ्या बाईकडे असे रोखून बघतात, की त्या बिचारीला स्वतः खाऊन दाखवावं लागतं. मला या स्वभावाचा वैताग येतो, पण दोष देता येत नाही. बाबांची निम्मी नोकरी विदर्भातल्या एका जकात नाक्यावर गेली. शहरात येणारा ट्रक थांबवायचा, माल तपासायचा, कर घ्यायचा. वर कांद्याची पोती आणि खाली तेलाचे डबे, हे ज्याने रोज पाहिलं, तो चीजवर तरी कसा भरवसा ठेवणार?

उरलेली निम्मी नोकरी जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर गेली, त्याला कारण होतं. न तपासलेला एक ट्रक शहरात सापडला आणि बाबांनी पैसे खाऊन तो सोडला, अशी बोंब झाली. चौकशी बसली, निलंबन झालं. सिद्ध काहीच झालं नाही म्हणून परत घेतलं, पण नाक्यावर पुन्हा उभं केलं नाही. माझी बायको स्वानंदी तेव्हा अकरावीत होती. लग्न ठरताना तिने मला हे सगळं सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाली, "घेतले असतील रे. माझ्या क्लासची फी त्याच महिन्यात भरली होती." बाबांना तिने कधी विचारलं नाही. मी तर जावई, माझी काय प्राज्ञा!

गेल्या लाँग वीकेंडला आम्ही तिघं टॅलो बेटांवर गेलो. तीन चिमुकली बेटं, तिन्ही मिळून एक रिसॉर्ट. बेटांचा इतिहास सांगणारी फेरी फुकट होती. फुकट म्हटल्यावर बाबा सावध झाले. "शेवटी काहीतरी विकतील," ते म्हणाले, आणि बरोबर निघालं, फेरी गिफ्ट शॉपमध्येच संपते.

गाईड पोरगी चुणचुणीत होती. इथले मूळ लोक शिंपले गोळा करायला यायचे, हे तिने एका वाक्यात उरकलं. मला तेव्हाच शंका आली. ज्यांची बेटं त्यांना एक वाक्य? मग चुन्याच्या भट्ट्या झाल्या, सामन मासा डब्यात भरायचा कारखाना झाला. मग अमेरिकेत दारूबंदी आली, कॅनडातून चोरटी दारू याच बेटांवर उतरू लागली, आणि इथे मात्र पोरगी सुटली. सुटणारच, कारण रिसॉर्टचा धंदा त्यावरच चालतो. केबिनांना स्मगलरांची नावं, कारखान्याच्या जागी बार, तळघरात दारूची पिंपं. बाबांनी एका पिंपावर बोटाने टकटक केलं. "रिकामं आहे," ते मला म्हणाले. "आणि नवं आहे."

तळघराच्या भिंतीवर गणवेशातल्या एका मिशाळ माणसाचा फोटो होता. हा क्लाइड, पोरगी म्हणाली, सरकारी पहारेकरी. दर बोटीमागे दारूची एक पेटी घ्यायचा आणि डोळे मिटायचा. वर बारमध्ये त्याच्या नावाचं कॉकटेल मिळतं. सगळे हसले. मीही हसलो.

बाबा हसले नाहीत. "काय सांगून राहिली ही?"

स्वानंदीने थोडक्यात सांगितलं.

"तिला विचार, कोणी पाहलं?"

"बाबा, सोडा ना. इट्स जस्ट अ स्टोरी."

ती विचारत नाही म्हटल्यावर बाबांनी स्वतःच हात वर केला. "हू सॉ? केस? पनिशमेंट?"

पोरगी गोंधळली. केस वगैरे झाली नव्हती बहुतेक, ती म्हणाली, त्याने नोकरी सोडली एवढंच. पण बेटांवर सगळ्यांनाच माहीत होतं.

"एव्हरीबडी न्यू," बाबा म्हणाले. त्यांना भाषांतर लागलं नाही. सगळे वर गेले तरी ते त्या फोटोसमोर उभेच होते, आणि स्वानंदी जिन्यापाशी ओठ दाबून.

नंतर धक्क्यावरच्या बाकावर बसलो. परतीच्या बोटीला वेळ होता. बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "तुलाही वाटते ना, मी घेतले म्हणून?"

मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिलो. ही आता नाही म्हणणार, अशी माझी खात्री होती. घरून काम करताना फोनवर मॅनेजरला ती किती सफाईने थापा मारते, ते मी रोज ऐकतो.

"हो," स्वानंदी म्हणाली. "वाटतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. क्लासची फी कुठून आली, बाबा?"

"तुझ्या आईनं पाटल्या मोडल्या. तुला सांगू नका म्हणाली." मग ते म्हणाले, "पुरावा नाही माझ्याजवळ. आई गेली, सोनारही गेला."

मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी मनात आलं, पाटल्यांची गोष्ट यांनी आत्ताच जुळवली असेल तर? या माणसासोबत राहून मलाही ती खोड लागली आहे, दुसरं काय!

"आता पटलं?" बाबांनी विचारलं.

स्वानंदी रडत होती. "माहीत नाही, बाबा. पण तुम्हाला इकडे आणलं, तेव्हाही पटलेलं नव्हतंच."

बाबांनी बराच वेळ तिच्याकडे रोखून पाहिलं, चीजवाल्या बाईकडे बघतात तसं. मग त्यांचे डोळे भरून आले.

"हे खरं बोलली तू," ते म्हणाले.