मालकीणबाई, आत येऊ का?

कुसगावचे माझे थोरले मामा स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याशी थांबून मला विचारायचे, "मालकीणबाई, आत येऊ का?" मी नुकतीच शेजारच्या लोणावळ्यात नांदायला आलेली, सणासुदीला मामांकडे राहायला जाणारी पोरगी. पदर खोचून म्हणायची, "या, पण पाय धुऊन!" मामा खरंच पाय धुऊन यायचे आणि मला वाटायचं, झाले मी मालकीण.

मामांना मूलबाळ नव्हतं, मामीही आधीच गेलेल्या. भाचीला चोळीबांगडीसाठी काहीतरी लावून द्यायची आमच्याकडे रीत. मामांनी माझ्या लग्नाच्या मांडवात उभं राहून सगळं घरच देऊन टाकलं. पंगतीतले हात थांबले. त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली, ती मामा जाईपर्यंत वाकली नाही.

आमचे हे शाळामास्तर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे. हे म्हणत, "मामा, बक्षीसपत्र करून टाकू." मामा तंबाखू मळत बसायचे. "कागद परक्यांत करत्यात, मास्तर. आपल्यांत न्हाई." दर खेपेला हेच. मला ते इतकं गोड वाटे की मी ह्यांच्यावरच डाफरायची.

एकदा ह्यांनी मामांना वडगावच्या नोंदणी कचेरीत नेलंच. कारकुनानं विचारलं, "देणार कोण, घेणार कोण? साक्षीदार आणलेत?" मामा उसळले. "माझ्या भाचीला द्याया साक्षीदार कशाला? सगळा मांडव साक्षीला हुता!" तरातरा बाहेर आले आणि आम्हाला भजी खाऊ घातली. ह्यांनी आपली बशी बाजूला सारली. मी ह्यांच्या वाटणीचीही खाल्ली.

पुढच्या उन्हाळ्यात पाटल्या मोडून मी त्या घरावर मंगलोरी कौलं चढवली. "आपल्याच घराला घालतेय," असं वर ह्यांना ऐकवलं. शहाणी!

मामा ऐन लावणीत गेले, हातातली रोपांची मूठ तशीच धरून. वकील म्हणाले, नोंदवलेला कागद नाही, म्हणजे घर मागंच वारलेल्या धाकट्या मामांच्या मुलाचं. अख्खा मांडव "व्हय, आमी ऐकलंय" म्हणत होता. त्याला विचारतो कोण? मामांनी फसवलं असतं तर बरं झालं असतं. निदान चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

वर्षश्राद्धाला गेले. उंबऱ्याशी पाय आपोआप थबकले. वर माझीच कौलं. विचारलं, "आत येऊ का?"

मामेभावाची बायको चुलीपासूनच ओरडली, "या की वन्सं! इचारताय काय? तुमी काय परक्या हाय?"

परकी असते, तर कागद नसता का झाला, बाई!