कोपऱ्यातला उंदीर

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. भाचीसाठी जुन्या बाजारातून घेतलेलं चित्रांचं पुस्तक मी उघडलं, तसं त्यांनी तुरीच्या शेंगा सोलणं थांबवलं, हात पदराला पुसले आणि "दाखवा बरं," म्हणत पुस्तक सरळ आपल्या मांडीवर घेतलं. प्रत्येक पानावरची अक्षरं त्या तळव्यानं झाकायच्या आणि नुसतं चित्र बघायच्या. मला वाटलं, वाचता येत नसेल.

"वाचून दाखवू का?"

"मले वाचता येते, भाऊ. पन अक्षरं मोठी चुगलखोर राह्यते, आदीच सारं सांगून देते."

गोष्ट वाघाच्या लग्नाची होती. वाघाकडे मात्र त्यांचं लक्षच नव्हतं. दर पानाच्या कोपऱ्यात चित्रकारानं एक इवलासा उंदीर काढला होता, पाठीवर गाठोडं घेऊन निघालेला. लहानपणी हेच पुस्तक मी पाठ केलं होतं; हा उंदीर मला कधी दिसलाच नव्हता.

"गोष्टीत उंदीर नाहीच आहे," मी जरा चिडूनच म्हणालो.

"गोष्ट लिवनाऱ्याची हाय. उंदीर चित्र काढनाऱ्याचा हाय. त्याले बी काही सांगाचं असंन का नाई?"

शेवटचं पान यायच्या आत मूर्तिजापूर आलं. पुस्तक माझ्या हातात देऊन त्या घाईनं उतरल्या. एसटी हलली आणि खिडकीवर थाप पडली.

"भाऊ, पोचला काय तो?"

मी शेवटचं पान उघडलं. तळवा आपोआप अक्षरांवर गेला.

"पोचला!" मी ओरडलो. "वाघाच्या पंगतीत बसून लाडू खाऊन राहिला!"