चौकातली मुख्याध्यापिका

शिक्षिका व्हायचं की नाही, हे मी ठरवायच्या आधीच माझं जाहीर अभिनंदन होऊन गेलं.

निघोज्याच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं ब्रेकचे पार्ट तपासते. पार्ट उचलायचा, मापाचं गेज लावायचं, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. बी.एड. लग्नाआधीच झालंय. (सर्टिफिकेट कपाटात साड्यांखाली, इस्त्री केल्यासारखं सपाट.) आता पाय आठ तास उभं राहू देईनात, म्हणून दिघीतल्याच एका शाळेत जाऊन एक नमुन्याचा तास घेऊन आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जागा आहे. शनिवारपर्यंत कळवा. पण विचार करून कळवा, मध्येच सोडून जाणारी माणसं मला चालत नाहीत."

विचार तर करतच होते. पगार कमी होणार होता, पण खरी भीती पगाराची नव्हतीच. अकरा वर्षं मी फक्त चुका शोधल्या आहेत. चुकलेला पार्ट क्रेटमध्ये टाकता येतो, चुकलेल्या पोराला कुठे टाकू? मला शिकवता येईल का, एवढाच प्रश्न होता. तो मी फक्त आमच्या ह्यांना सांगितला आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

ह्यांनी तो धाकट्या भावाला, म्हणजे सोमनाथ भाऊजींना सांगितला. सासर आमचं मूळचं दिघीचं. या घरात आनंद पोटात मावत नाही, तो चौकात लागतो. पुतण्याचं जावळ, नवी जीप, चुलतसासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळ्यांचे फ्लेक्स झालेत. (चुलतसासऱ्यांनी फ्लेक्सवर काळा गॉगल घातलाय, तो मात्र पहिल्यांदाच डॉक्टरांच्या सांगण्यावरून.)

बुधवारी सकाळी कंपनीची बस पकडायला चौकात गेले, तर वर मीच! वीस बाय दहा फुटांची. भाऊजींच्या लग्नातला फोटो, नाकात नथ, खांद्यावर कुणाचा तरी नुसता हात. (नणंदबाईंना कापलं, हात राहिला.) खाली चौदा शुभेच्छुक. आणि मधोमध लालभडक अक्षरांत : 'दिघी गावच्या सूनबाई सौ. वैशालीताई यांची मुख्याध्यापिकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

तिथूनच फोन लावला.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"आवडलं का वहिनी? सरप्राईज हाय."

"अहो, मी अजून हो म्हटलेलं नाही. आणि ही मुख्याध्यापिका कुठून काढलीत?"

"नुसतं शिक्षिका लिवलं तर लाईन भरत न्हवती. फ्लेक्सवाला म्हणला, भाऊ, मोठा शब्द द्या, उठून दिसंल. मग दिला."

"आधी उतरवा तो."

"आसं कसं? तीन दिसांची परवानगी काढलीय वहिनी. आपल्या घरातला परवानगी काढलेला पहिलाच फ्लेक्स. म्हणलं, तुमी मास्तरीण, तुमाला बिगर परवानगीचं शोभायचं न्हाई."

तेवढ्यात बस आली. बसमधल्या चाळीस जणांनी खिडकीतून आधी फ्लेक्स पाहिला, मग मला पाहिलं. "अजून काही ठरलं नाहीये हो," असं मी निघोजे येईपर्यंत प्रत्येकाला सांगितलं. सगळ्यांचं एकमत झालं की एवढं मोठं पद मिळूनही बाई किती साधी आहे.

कंपनीत इनचार्ज कदम सर दारातच उभे. फोटो त्यांच्या मोबाईलवर आधीच पोचलेला.

"मॅडम, आम्हाला चौकातून कळावं? नोटीस पिरियड नावाची गोष्ट असते."

"सर, मी राजीनामा दिलेलाच नाही."

"देणार ना पण? उगाच कुणी एवढा फ्लेक्स लावतं का?"

दहाच्या चहापर्यंत माझं टेबल एका नव्या मुलीला समजावून झालं. समजावणारी मीच. जेवणाच्या सुट्टीत केक आला. बेकरीत तयार होता तोच आणल्यामुळे त्यावर 'सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा' असं होतं. माझं वय एकोणचाळीस. मी खाल्ला, भूक लागली होती.

शिफ्ट सुटता सुटता फोन वाजला.

"शाळेतून बोलतेय. माझ्या जागेवर तुम्ही येताय, असं चौकात वाचलं. मला कुठे पाठवताय तेही लावलं असतंत, तर सामान बांधायला बरं पडलं असतं."

झालं. धड ना कंपनी, ना शाळा. युनिफॉर्मवरच शाळेत गेले. शाळा दुपारची, अजून सुटायची होती. मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं, अगदी लाईन भरत नव्हती इथपर्यंत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सहावी ब ला आज बाई नाहीत. शेवटचा तास घ्या, मग बोलू."

अपूर्णांक चालले होते. एका मुलीनं अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिलं होतं. माझा हात सवयीनं फुली मारायला गेला. कसाबसा आवरला.

"कसं आलं गं हे?"

तिनं मला नीट समजावलं. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. इतकी मन लावून केलेली चूक मी कंपनीत कधी पाहिली नव्हती.

"बरं. अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. पोटात अर्धीपेक्षा जास्त गेली की कमी?"

"जास्त."

"मग हे दोन पंचमांश बघ."

तिनं वहीत भाकरी काढली, पाच भाग केले, दोन रंगवले, आणि बराच वेळ बघत बसली. "बाई, ही तर अर्धीपण नाही." आणि तिनं स्वतःच ते उत्तर खोडलं. दिवसभर उभं राहून पाय दुखतायत, हे मला घंटा झाल्यावर आठवलं.

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. "मॅडम, मला यायचंय. साधी शिक्षिका म्हणून."

"तेवढीच जागा आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी या."

संध्याकाळी जेवायला सगळे बसल्यावर मी घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या मनानं ठरवलं होतं. म्हटलं, "ऐका. मी पक्कं ठरवलंय. मी शाळेत शिकवायला जाणार."

हे जेवत राहिले. भाऊजींनी आमटी वाढून घेतली. सासूबाईंनी तेवढी मान वर केली.

"आत्ता ठरवलंस व्हय? आमी तर सकाळीच पेढं वाटलं."

म्हणजे माझ्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय, अख्ख्या दिघीत मलाच सगळ्यात उशिरा कळला.