सहाच्या ठोक्याला

आमच्या पिंपळीच्या रोपवाटिकेतली नवी सुपरवायझर सहाच्या ठोक्याला सॅक उचलायची. आम्ही जुने आठपर्यंत बसणारे. मी घड्याळाकडं बघून मुद्दाम खाकरायचो. ती हसून म्हणायची, "येते काका."

परवा तिच्या हातून मिरचीच्या ट्रेंना भलत्याच जातीची लेबलं लागली आणि रोपं पळसदेवच्या एका आबांकडं गेलीसुद्धा. मी म्हणालो, "गप बस. मिरची लागल्यावर कळंल, तवा बियाणंच तसं आलं म्हणायचं." वर्षानुवर्षं आम्ही तेच म्हणत आलो.

तिनं माझ्यासमोरच फोन लावला. "आबा, रोपं लावू नका. चूक माझी हाय. उद्या बदलून देते."

पलीकडून आवाज आला, "बरं झालं पोरी, अजून लावली न्हायत."

जीव माझाच भांड्यात पडला. सहाला ती "येते काका" म्हणाली, तेव्हा मी खाकरलो नाही.