सडक संपल्यावरची फटफटी

आमचे हे देवीची लस टोचायचे. आमगावहून चिचगडच्या जंगलातल्या टोल्यांवर, म्हणजे चार-दोन झोपड्यांच्या वस्त्यांवर, बैलगाडीनं पोचेपर्यंत ती लस उन्हानं मरून जायची. मेलेली लस टोचली काय अन् न टोचली काय, सारखंच. एका उन्हाळ्यात तेच झालं. यांनी टोचलेली एक पोर देवीनं गेली. कितीतरी दिवस हे धड जेवले नाहीत.

पुढं दुसरं महायुद्ध संपलं. गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या शेठनं पलटणीच्या जुन्या फटफट्या आणल्या. यांना म्हणाला, "डॉक्टरसाहब, जो पसंद आये ले जाओ, पुण्य का काम है." हे डॉक्टर नव्हते, पण शेठला कोण सांगणार.

यांनी गेल्यागेल्या सगळ्यांत मोठी धरली. मी म्हटलं, "सडकेवर तं कोणीबी धावते. सडक संपल्यावर कोण चालते ते पाहू." अन् पाण्यानं काठोकाठ भरलेलं मडकं मांडीवर घेऊन मी मागं बसले. लस अशाच मडक्यात न्यायची होती. नागऱ्याच्या देवळापर्यंत सडकेनं जायचं, परत येताना धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांमधल्या, धुऱ्याच्या बांधावरून यायचं, असं ठरलं.

मोठी अशी सुटली की बाप्पा, माझा श्वासच मागं राहिला. झाडं उलटी पळत होती अन् मडक्यातलं पाणी हलत नव्हतं. लग्नातही मी इतकी हरखले नव्हते. पण अरुंद धुऱ्यावर चढली अन् आम्हा दोघांना घेऊन कोरड्या बांधीत आडवी झाली. मडकं फुटलं, लुगडं भिजलं.

दुसरी बारकी होती, धुराची नळी वर उचललेली. दुसरं मडकं भरून तिच्यावर बसले. सडकेवर तिनं हाडं खिळखिळी केली, थोडं पाणीही सांडलं. धुऱ्यावर मात्र शेळीसारखी चालली.

हे मोठीकडं वळून वळून पाहून राहिले होते. "तिचा आवाज तं पाहा."

"आवाज टोचाचा आहे काय?" मी म्हटलं. बारकी घेतली.

निघताना लस गार राहावी म्हणून मडक्यावरचं जाड कापड मी भिजवलं. बैलगाडीत ते एका नाल्यापासून दुसऱ्या नाल्यापर्यंतच सुकून जायचं, पुन्हा भिजवावं लागायचं. देवरीपुढं सडक संपली, गाडीवाट लागली, नाल्यातले गोटे आले, तरी फटफटी चालतच राहिली. टोल्यावर उतरून कापडाला हात लावला, तर ओलं. मी पुन्हा लावून पाहिला. जंगल तेच होतं, अन् आम्ही कापड सुकायच्या आत ते ओलांडलं होतं. मला रडूच आलं.

पोर गेलेली ती आई दारात उभी होती. तिनं आम्हाला पाणी विचारलं नाही. धाकट्या लेकराचा दंड पुढं केला अन् म्हणाली, "मागच्या बारीले टोचलं तरी पोर गेली माही. या बारीले फोड नाही उठला तं इकडं पाय नका ठेवू." फोड उठला तरच लस जिवंत, हे तिलाही ठाऊक होतं.

आठवड्यानं आम्ही पाहायला गेलो. लेकराच्या दंडावर टपोरा फोड उठला होता.

ती आई आत गेली अन् पाण्याचा गडवा घेऊन आली. यांच्या पायांवर ओतलं, माझ्या पायांवर ओतलं. मग खाली वाकून उरलेलं फटफटीच्या चाकावर ओतलं.

"हे बी तं दुरून आली," ती म्हणाली.