तीन म्हणण्याआधी

एक बोट वर. "एक वार." दुसरं बोट वर. "दोन वार." आणि मग मामा थांबायचे. तिसरं बोट मुठीतच राहायचं आणि ते समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसायचे.

भाजीवाल्या मावशीनं मेथीचा भाव सांगितला की आमच्या गल्लीत हा खेळ ठरलेला. मामा दोन बोटं वर करून गप्प. मावशी आधी हसायची, मग चिडायची आणि शेवटी म्हणायची, "घ्या बाबा, कमी करते, पण ती बोटं खाली करा!" मामा जुडी पिशवीत टाकायचे आणि मगच म्हणायचे, "तीन!"

काम सुटलं पण सवय सुटली नाही, असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेलच. मामांनी उभा जन्म लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, हर्राशी पुकारली होती. लिलावाच्या वट्यावर उभं राहून कापूस, मका, कांद्याचा भाव ओरडायचा. तीन म्हटलं की माल विकला. म्हातारपणी लेकानं त्यांना बजाजनगरला, आमच्या शेजारच्या घरी आणलं. लेक-सून दोघं कंपनीत, घर दिवसभर बंद. म्हणून मामा माझ्या शिलाईच्या खोलीत स्टुलावर येऊन बसायचे आणि माझं डोकं खायचे.

"तीन म्हणायला एवढं का थांबता हो?" मी एकदा विचारलं.

"शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, पोरी. भाव पटला का नाय ते तोंडावर दिसतं. त्यानं मान हलवली तरच तीन. एकदा तीन म्हनलं की कुणी बी येऊ दे, माल माघारी नाय."

मला तेव्हा एकच वेड लागलं होतं, पिको मशीनचं. ब्लाउज मी घरी शिवायचे, पण साड्यांच्या पिकोसाठी शहागंज गाठावं लागायचं. काखेत गठ्ठा, सिटी बसचे धक्के, आणि तिथला दुकानदार "कल आना बाजी" म्हणून खुशाल परत पाठवायचा. घरात मशीन आलं असतं तर त्याचं तोंड बघायची पाळीच आली नसती. नवीन झेपणारं नव्हतं. भिशी लागली होती, तेवढ्या पैशांत जुनं बसत होतं. म्हणून मी मोबाइलवर लिलावाच्या एका साइटवर बोली लावायला लागले.

मामांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण लिलाव म्हटल्यावर ते कसले स्वस्थ बसतात! मेल आला की म्हणायचे, "वाच. आधी कोन बोलतंय ते वाच."

एकदा मेल आला, तुमचं खातं बंद होणार, खालच्या लिंकवर जाऊन पासवर्ड टाका.

"तुझं नाव घेतलं का त्यानं?"

"नाही. 'प्रिय ग्राहक' म्हणतोय."

"मी मोंढ्यात कधी 'प्रिय शेतकरी' म्हनलो का? नावानं हाक मारायचो. पुसून टाक!"

पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला, तर तोही भलताच निघाला.

मग एक झकास मशीन आलं. मी शेवटपर्यंत झुंजले आणि शेवटच्या मिनिटाला कुणीतरी ते माझ्या नाकासमोरून नेलं. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल. मशीनचा फोटो, आणि खाली विकणाऱ्याचा मजकूर: जिंकणाऱ्यानं माघार घेतली, आता दुसरा नंबर तुमचा. दोन तासांत थेट माझ्या खात्यावर पैसे भरा, साइटचं कमिशन वाचेल.

"मामा, नाव आहे! माझंच नाव!" मी ओरडलेच.

मामा हसले नाहीत. "पैसे कुठं द्यायचे म्हनतो?"

"थेट त्याच्या खात्यात."

"म्हंजी वट्याच्या मागं. कामून? गिऱ्हाईक फिरलं तर माल परत वट्यावर येतो, सगळ्यांदेखत. मागं नेऊन कानात कोन सांगतो? ज्याच्यापाशी मालच नाय तो."

"तुमचा मोंढा वेगळा, मामा! इथं दोन तास संपत आले!"

खरं सांगते, त्या घटकेला मला म्हातारा नकोसा झाला होता. रक्कम टाकून झाली होती, अंगठा बटणावर होता. मामा स्टुलावरून उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एक बोट वर. दुसरं वर. आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

मी अंगठा उचलला. मेलमधल्या लिंकला हात न लावता साइट माझी मी उघडली आणि तिथला निरोपांचा कप्पा बघितला. रिकामा. माघारीचा कुठं पत्ताच नव्हता. भिशी सगळीच्या सगळी गेली असती.

"लिही त्याला," मामा गरजले, "हिंमत असंल तर लासूरच्या मोंढ्यात ये म्हनावं!"

"नको मामा. उत्तर दिलं की हा पत्ता चालू आहे हे त्याला कळतं."

मी साइटवर तक्रार केली आणि मेल पुसला. मामांचं काही समाधान झालं नाही. संध्याकाळपर्यंत ते त्या न दिसलेल्या माणसाला शिव्या हासडत होते.

संक्रांतीच्या आधी मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. भाजीवाली मावशी पाटी दारात उतरवून हमसून हमसून रडली.

मागच्या आठवड्यात पुन्हा एक पिको मशीन आलं. रंग उडालेलं, पण चालू. बोली माझी लागली. अभिनंदनाचा मेल आला. आधी पत्ता वाचला. मग मेल तसाच ठेवून साइट उघडली. तोच निरोप तिथंही होता, पैसे साइटवरच भरायचे होते. सगळं चोख, तरी अंगठा खाली जाईना.

मी एक बोट वर केलं. मग दुसरं. समोरचं स्टूल रिकामं. माझ्या तोंडाकडं बघणारं कुणी नव्हतं.

शेवटी उठले आणि गिऱ्हाइकं ब्लाउज घालून बघतात त्या आरशासमोर जाऊन उभी राहिले. डोळे भरून आले होते, पण भाव पटला होता. मी मान हलवली.

"तीन," म्हणाले, आणि बटण दाबलं.