परण्याचा अल्बम

माझे आप्पा एका जागी पाच मिनिटं बसले तर मी पेढे वाटीन. चितेगावच्या कंपनीत आठ तास पॅकिंग करून येतात आणि चपला काढता काढता विचारतात, "तनू, तिसरं गाणं पहिलं टाकून पाह्यचं का?" मी अजून चहाही ठेवलेला नसतो.

नाव सर्जेराव, पण पडेगावात जुनी माणसं त्यांना अजून कॅसिओवालेच म्हणतात. वीस वर्षं त्यांनी लग्नांत कॅसिओ वाजवला. सोबत ऑक्टापॅडवर सांडूकाका. हातगाडीवर बॅटरी, दोन भोंगे आणि हे दोघं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, त्या मिरवणुकीला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्यात कॅसिओवाल्याचा एक नेम असतो. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत करंगळीनं एक सूर दाबून धरायचा. वाजवणं थांबलं की माणसं पांगतात, आणि मग नवरदेवाला कुत्रं विचारत नाही.

तो नेम आप्पांनी एकदाच मोडला, दोन हजार तेराच्या दुष्काळात. दौलताबादच्या पुढच्या एका गावात परण्या रंगात आला होता आणि टँकरचा हॉर्न वाजला. त्या उन्हाळ्यात हॉर्न ऐकला की माणूस हातातला घास टाकून पळायचा. मिरवणूक पळाली, ते ठीक. गाव त्यांचंच होतं. पण आप्पाही पळाले! परक्या गावात, कुणाच्या तरी ओट्यावरची घागर उचलून रांगेत उभे राहिले. घागर भरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, हे पाणी आता न्यायचं कुठं? मला यावर हसू येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. घागर जागेवर ठेवून ते परत आले तोवर घोडा देवळाशी पोचला होता आणि सांडूकाका वायरी गुंडाळत होते. काका काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पुढं लग्नं लांबणीवर पडली, शहर पडेगावच्या अंगावर आलं, मोकळ्या रानांत लॉन झाले, लॉनवर डीजे आले. काका हर्सूलला रिक्षा चालवायला लागले.

तीन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला. पुन्हा ते हॉर्न सुरू झाले आणि आप्पांनी माळ्यावरून कॅसिओ काढला. म्हणाले, "आख्ख्या परण्याचा अल्बम करायचा. सांडूला ऐकवायचा. मग बोलला तर बोलला."

मी लॅपटॉपवर त्यांचे स्वतः बांधलेले आठ तुकडे रेकॉर्ड केले. सुटे सुटे झकास, पण एकापाठोपाठ लावले की एसटी स्टँडवरचे प्रवासी. कुणाचा कुणाशी संबंध नाही. आप्पा रोज क्रम बदलायचे. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर वाजायची. शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं.

"आप्पा, करंगळी कुठं गेली तुमची?"

 ते कॅसिओपुढं बसले आणि आठही तुकडे एका दमात वाजवले, मध्ये सूर धरून. अडतीस मिनिटं.  सगळं एकजीव झालं होतं.

त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "पूस."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"खोटं हाय हे. मी सूर सोडला व्हता."

पुन्हा वाजवलं. या वेळी सहाव्या तुकड्यात मध्येच हात उचलला. लांबलचक शांतता, मग एकदम मारुतीच्या देवळापाशीचा तुकडा. मी म्हटलं, लोकांना वाटेल मशीन बिघडलं. ते म्हणाले, "सांडूला कळल."

मी हर्सूलला जाऊन काकांना सांगून आले. येतील असं वाटलं नव्हतं, पण पुढच्या रविवारी दुपारी रिक्षा दारात थांबली. काका उंबऱ्याजवळच बसले. मी अल्बम लावला. शांततेची ती जागा आली, आणि आप्पांनी मान खाली घातली.

"हितं बंद का केलं?" काकांनी विचारलं.

"तसंच झालं व्हतं ना. माझ्यामुळं."

"नाय. मी वाजवीत व्हतो."

आप्पांनी मान वर केली.

"पोरगं एकटंच घोड्यावर, लई बावरलेलं," काका म्हणाले. "एका हातानं गाडी ढकलीत, एका हातानं वाजवीत देवळापतोर नेलं त्याला. आन् तू येऊन म्हनला, बंद पडलं ना रे सगळं? मी वाजवलेलं तुला ऐकूसुदिक आलं नाय, सर्ज्या."

 तीन वर्षं ते सूर सोडल्याची लाज बाळगून होते, आणि काकांना खुपत होतं ते हे. मला दोघांचीही इतकी कीव आली की ओरडावंसं वाटलं.

काकांनी ऑक्टापॅड कधीच विकला होता. त्यांनी आमचा स्टीलचा डबा पालथा घालून पुढं ओढला. मी माइक लावला, सहाव्या तुकड्यातली ती जागा काढली.

"आप्पा, तुम्ही कॅसिओ घेता ना?"

"नको," आप्पा म्हणाले. "त्या येळी कॅसिओ नव्हता."